गाडीला रात्र वाटली

होळीच्या दिवशी दुपारी पावणेदोनला, अक्कलकुवा सोडून देवगोईच्या घाटात शिरलो आणि माझ्या गाडीला वाटलं की रात्र झाली.

बाहेर मार्चचं खानदेशी ऊन होतं. डावं चाक एका खड्ड्यात आपटलं, डॅशबोर्डवर ‘टक्’ असा आवाज झाला आणि दोन सेकंदांत स्पीडोमीटरचा उजेड एकदम मंदावला. मॅपचा पांढरा स्क्रीन काळा झाला. समोरून येणारा मोटारसायकलवाला हाताची मूठ उघडबंद करत गेला. त्याच्या मागून आलेल्या पिकअपवाल्याने तेच केलं. ही खूण आपल्या सगळ्यांना माहीत आहे : दादा, लाईट चालू राहिलीय.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप लागायला लागले, तेव्हा वर्षभर देशातला निम्मा रस्ता उरलेल्या निम्म्या रस्त्याला ही खूण करत होता. आता दुचाकीला कुणी करत नाही, पण कारला अजून करतात.

शेजारी बाबा बसले होते. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. ते काठीच्या अलीकडच्या एका पाड्यावरचे. घरी भिली बोलतात, मला ती अर्धीमुर्धी समजते. दर होळीला ‘या वेळी काठीला जाऊ’ असं मी पुण्याहून फोनवर सांगायचो आणि दर होळीला माझा रिलीज असायचा. या वेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ते म्हणाले होते, “नवीन डोळ्यांनी एकदा होळी बघायची आहे.” त्यानंतर रिलीजचं कारण सांगायची सोय उरली नाही.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“सेन्सर आत पडला बहुतेक.”

“मग लाईट बंद कर.”

बंद केली. पण स्पीडोमीटर मंदच राहिला, कारण त्याचा उजेडही तोच सेन्सर ठरवतो. भर दुपारच्या उन्हात काट्याचा आकडा दिसेना. आणि घाटात वेग किती आहे हे दिसत नसेल तर बाबा शेजारी बसून ते तोंडी सांगतात, हे मला जास्त धोक्याचं वाटलं.

पुढची काच आणि डॅशबोर्ड जिथे मिळतात तिथे, बोराच्या बीएवढा एक काळा घुमट असतो. बहुतेकांना ते चोरीच्या अलार्मचं बटण वाटतं. तो प्रकाशाचा सेन्सर. बाहेर उजेड किती आहे ते तो बघतो आणि त्यावरून हेडलाईट कधी लावायचे, आतले दिवे किती मंद करायचे हे गाडी ठरवते. दोन महिन्यांपूर्वी मी एका गॅरेजात पुढची काच बदलून घेतली होती. तेव्हाच कधीतरी त्या सेन्सरची प्लॅस्टिकची खिट्टी तुटली असणार, कारण तेव्हापासून तो हलत होता. आज तो भोकातून सरळ खाली गेला. वायरच्या आधाराने डॅशबोर्डच्या पोटात लटकून तो अंधार बघत होता, आणि इमानदारीने सांगत होता की अंधार आहे.

मी सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितो. अमुक आकडा तमुक रेषेखाली गेला की मध्यरात्री कुणाला तरी उठवायचं, हे माझं काम. त्यामुळे हा प्रकार मला ओळखीचा होता. सेन्सर खोटं बोलत नव्हता, तो चुकीच्या जागी होता. आमच्याकडच्या निम्म्या अलार्मचं असंच असतं.

या वस्तूचा इतिहास सुरू होतो तो मोटारीच्या कितीतरी आधी, आणि चंद्राच्या नावाने. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाला गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात एक नवं मूलद्रव्य सापडलं. आधी त्याला ते टेल्युरियम वाटलं होतं. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून पडलेलं, म्हणून त्याच्या या भावंडाला त्याने चंद्राचं नाव दिलं : सेलेनियम. ग्रीक भाषेत सेलीनी म्हणजे चंद्र. या पदार्थाचं उजेडाशी काही नातं आहे, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. ते कळायला छप्पन्न वर्षं गेली, आणि कळलं ते समुद्राखालच्या तारांमुळे.

१८६६ साली युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये समुद्रतळावरून टिकाऊ तार टाकली गेली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने ती टाकली. १८७० च्या फेब्रुवारीत हेच जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने तार सोडत निघालं, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे थेट लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या बाजारातला कापसाचा भाव मुंबईला आता समुद्राखालच्या तारेवरून यायला लागला. खानदेशात कापूस पिकवणाऱ्याला ही तार कधी दिसली नाही, पण त्याच्या मालाचा भाव आता तिच्यातून वाहत होता.

या तारा बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीचा विद्युत अभियंता होता विलोबी स्मिथ. तार समुद्रात उतरत असताना ती मध्येच तुटली किंवा गळकी झाली तर जहाजावर लगेच कळायला हवं. त्यासाठी स्मिथला अगदी जास्त रोध असलेली, पण स्थिर वस्तू हवी होती. त्याने सेलेनियमच्या काड्या घेतल्या, पाच ते दहा सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दीड मिलिमीटर जाड. काचेच्या नळीत बंद करून त्यांना दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या तारा जोडल्या. रोध भरपूर मिळाला, पण स्थिर काही राहीना. तीच काडी सकाळी एक आकडा दाखवायची, दुपारी दुसरा.

ज्याने कधी कोड लिहिला आहे त्याला हा क्षण माहीत असतो. इनपुट तेच, आऊटपुट वेगळं. आपण वायर तपासतो, बॅटरी तपासतो, शेवटी स्वतःला तपासतो. स्मिथने आणि त्याचा सहकारी जोसेफ मे याने शोधून काढलं की फरक उजेडाचा आहे. काडी सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवली आणि झाकण लावलं की रोध सगळ्यात जास्त आणि एकदम स्थिर. झाकण काढलं की रोध धपकन खाली. १८७३ च्या फेब्रुवारीत स्मिथने हे पत्राने कळवलं आणि ते ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं.

त्याला हवी होती ती वस्तू मिळाली नाही. रोधक म्हणून सेलेनियम नापास झालं. पण उजेड ही गोष्ट विजेच्या आकड्यात मोजता येते, हे जगाला त्या नापास काडीने सांगितलं. सात वर्षांनी, १८८० मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेलने त्याच सेलेनियमवर उजेडाची तिरीप पाडून माणसाचा आवाज दोनशे मीटरच्या पलीकडे बिनतारी पोचवला. बेलला टेलिफोनपेक्षा या यंत्राचं जास्त कौतुक होतं.

मोलगीला पोचलो तेव्हा बाजार होळीसाठी भरलेला होता. डाळ्या, गूळ, साखरेचे हार, ढोलाची कातडी, घुंगरं. एका पंक्चरवाल्याच्या शेडखाली गाडी लावली आणि त्याच्याकडे एक जुना सायकलचा स्पोक मागितला. त्याने कशाला विचारलं नाही, दोन दिले.

कुणाला कधी करावं लागलं तर सांगून ठेवतो. पहिलं म्हणजे गाडी बंद करायची, चावी काढायची. डॅशबोर्डचं झाकण पेचकसाने उचकटायचा मोह होतो, तो आवरायचा. शेजारच्या सीटसमोर त्या झाकणाखाली एअरबॅग असते आणि तिच्या आसपास अंदाजाने हात घालायचा नसतो. मी मोबाइलची बॅटरी लावून वरच्या भोकातून आत पाहिलं. सेन्सर चार बोटं खाली, हवेच्या नळीला टेकून पडला होता. स्पोकचं टोक वाकवून आकडा केला. वायर ओढली तर मागचा जोड निसटतो, म्हणून आकडा वायरीत नाही, सेन्सरच्या बुडाखाली अडकवायचा. तीनदा सुटला. चौथ्यांदा बाबांनी स्पोक माझ्या हातातून घेतला आणि एका झटक्यात सेन्सर वर काढला.

“तुझा हात कीबोर्डचा आहे,” ते म्हणाले.

खिट्टीचा एक पाय मोडलाच होता. सेन्सरच्या मानेभोवती काळी इन्सुलेशन टेप दोन वेढे गुंडाळली, इतकीच की तो भोकात घट्ट बसावा. गोंद लावायचा नाही, पुन्हा काढावा लागतो. घुमटावर टेप येऊ द्यायची नाही, नाहीतर गाडीला कायमची संध्याकाळ. दाबून बसवला.

मग तपासणी. बाबा गाडीसमोर उभे राहिले. मी नॉब ‘ऑटो’वर ठेवून घुमटावर तळहात धरला.

“लागली,” बाबा बाहेरून ओरडले.

हात काढला. काही नाही. बाबा वाट बघत राहिले, पंक्चरवालाही येऊन उभा राहिला. काही सेकंदांनी बाबा म्हणाले, “विझली.”

माझा तळहात म्हणजे विलोबी स्मिथच्या पेटीचं झाकण. मोलगीच्या बाजारात आम्ही दीडशे वर्षांपूर्वीचा प्रयोग पुन्हा करत होतो. पंक्चरवाल्याला मी हे सांगितलं नाही. त्याचा प्रश्न जास्त चांगला होता : “लागते लवकर, विझते उशिरा. असं का?”

त्याचं कारण असं आहे. भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. ढगाळ संध्याकाळी तो हजारावर येतो. युरोपातल्या नियमाप्रमाणे आपोआप लागणारे दिवे हजार लक्सच्या खाली गेल्यावर दोन सेकंदांच्या आत लागायला हवेत, पण विझायला उजेड सात हजाराच्या वर जावा लागतो आणि तोही काही सेकंद टिकावा लागतो. लावायची आणि विझवायची रेषा एकच ठेवली तर झाडाच्या प्रत्येक सावलीला दिवे उघडझाप करतील. शिवाय दोन चुका सारख्या नसतात. दिवसा दिवा चालू राहिला तर कुणीतरी मूठ हलवून दाखवेल. रात्री तो विझला तर दाखवायला कुणी उरणार नाही.

जुन्या साध्या सर्किटमध्ये हीच काळजी आपोआप घेतली जायची. अंधार म्हणजे जास्त रोध. वायर तुटली तर रोध अमर्याद, म्हणजे सर्किटच्या लेखी मिट्ट काळोख. बिघाड झाला की दिवे लागणार, विझणार नाहीत. भर दुपारी माझी गाडी वेडी वाटत होती, पण ती शहाण्या बाजूला वेडी झाली होती.

हा डोळा डॅशबोर्डवर पहिल्यांदा येऊन बसला तो १९५२ साली अमेरिकेत. जनरल मोटर्सने कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांना ‘ऑट्रॉनिक आय’ नावाचं उपकरण दिलं. काचेमागे, डॅशबोर्डवर उभं केलेलं, पुढे भिंग असलेलं नळकांडं. आत प्रकाशनलिका. त्याचं काम दिवे लावायचं नव्हतं, खाली घ्यायचं होतं. समोरून गाडी आली की तिच्या हेडलाईटचा उजेड भिंगात शिरायचा आणि आपले दिवे आपोआप अप्परवरून डिपरवर यायचे. गाडी निघून गेली की पुन्हा अप्पर. ते किती चटकन बिचकावं हे ठरवायला बटण होतं, कारण रस्त्यावरचे दिवेही त्याला फसवायचे. १९६४ मध्ये कॅडिलॅकनेच ‘ट्वायलाईट सेंटिनेल’ आणलं, म्हणजे संधिप्रकाशाचा पहारेकरी. अंधार पडला की दिवे लावायचे, आणि गाडी बंद करून माणूस घराच्या दारापर्यंत जाईतो ते चालू ठेवायचे. माझ्या गाडीतला घुमट हा त्या पहारेकऱ्याचा वंशज.

मधल्या काळात सेलेनियमची जागा कॅडमियम सल्फाइडने घेतली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘अंधार पडला की लागणारा दिवा’ करताना आपण नागमोडी रेघ असलेली जी छोटी चकती वापरली, ती हीच. कॅडमियम विषारी, म्हणून युरोपने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या त्याच्या वापरावर मर्यादा आणली. आता बहुतेक ठिकाणी सिलिकॉनचा फोटोडायोड असतो. चंद्राचं नाव गेलं, काम तेच राहिलं.

संध्याकाळी मोलगीहून काठीकडे निघालो. दिवे वेळेवर, आपोआप लागले. मी खूश होतो. रस्ता वळणावळणाचा, पुढून गाड्या तुरळक, म्हणून मी अप्पर लावून चाललो होतो.

काठी हे पूर्वीच्या पश्चिम खानदेशातल्या सहा मेवासी संस्थानांपैकी एक. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. काठीची राजवाडी होळी मात्र इ. स. १२४६ पासून चालत आली आहे, असं इथली परंपरा सांगते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश या तिन्ही बाजूंच्या सातपुड्यातून माणसं येतात. उंच सरळ बांबूचा दांडा जंगलातून आणतात, अवजार न लावता खणलेल्या खड्ड्यात तो उभा करतात. नवस बोललेले बुध्या आणि बावा अंगावर पांढरे ठिपके काढून, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप चढवून रात्रभर नाचतात. होळी पेटते ती पहाटे. म्हणजे येणारे सगळे रात्रीच रस्त्यावर असतात, आणि त्यातले पुष्कळ पायी.

एका वळणावर ते समोर आले. पंधरा-वीस जण, ढोल घेतलेले, दोन बायांच्या कडेवर पोरं. उजेड तोंडावर पडताच सगळ्यांचे हात एकदम डोळ्यांवर गेले आणि ते दरीच्या बाजूला सरकले.

“डिपर!” बाबा एवढ्या जोरात म्हणाले की मी दचकलो. “माणसं आहेत.”

मी दिवे खाली घेतले, गाडी जवळजवळ थांबवली. ती माणसं बाजूने गेली. कुणीतरी काचेवर थाप मारून हसलं.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “याच रस्त्याला मी दहा वर्षांचा असताना आलो होतो. चांदणं होतं, सगळं दिसत होतं. समोरून जीप आली. ती गेल्यावर काहीच दिसेना. माझा काका कडेच्या चरात गेला, पाय मोडला. त्याला घोंगडीत घालून परत नेलं. ती होळी काही बघितली नाही.”

“तुम्ही हे कधी सांगितलं नाही.”

“गाडी चालवताना आठवायचं. सांगायला काय आहे त्यात.”

मला ऑट्रॉनिक आय आठवलं. त्याची मेख तेव्हा लक्षात आली. समोरच्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून बनवलेलं यंत्र, पण त्याला समोरचा दिसायचा तो त्याच्या दिव्यामुळे. ज्याच्याकडे दिवा नाही तो त्याच्या लेखी रस्त्यावर नाहीच. चालणारा, बैलगाडीवाला, बिनदिव्याची सायकल यांच्यासाठी अप्पर खाली येणार नाही. आणि मी, माणूस असून, अगदी तसाच चालवत होतो. पुढून गाड्या नाहीत म्हणजे पुढून कुणी नाही, असं धरून. दुपारी सेन्सर भोकात पडला होता तेव्हा निदान मला ते कळलं तरी होतं.

बाबांनी तीस वर्षं या भागात बस चालवली. पायी माणूस दिसला की डिपर. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की काकाच्या पायाने, हे मी विचारलं नाही.

गावाच्या अलीकडे गाडी लावली आणि उरलेलं अंतर चालत गेलो. मी सवयीने मोबाइलची बॅटरी लावली. “बंद कर,” बाबा म्हणाले. “थांब जरा. दिसेल.”

पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स उजेड असतो. माझ्या गाडीतल्या सेन्सरच्या हिशेबात तो शून्य. पाच-दहा मिनिटं काही दिसलं नाही. मग रस्ता दिसायला लागला, मग मोहाची झाडं, मग पुढे चालणाऱ्यांच्या पाठी. बाबा माझ्या पुढे चालत होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी त्यांना खड्डे माझ्या आधी दिसत होते.

रात्रभर ढोल वाजले. पहाटे दांडा पेटला तेव्हा गर्दी इतकी होती की मला फक्त वरचं टोक दिसलं. बाबांना एका अनोळखी माणसाने दगडावर उभं राहायला जागा दिली. त्यांना सगळं दिसलं.

परत निघालो तेव्हा फटफटत होतं. दिवे चालू होते, मी डिपरवर ठेवले होते. रस्ताभर पायी परतणारी माणसं, भोपळ्यांचा आवाज, राखेचे ठिपके पुसट झालेले नाचे. देवगोईचा घाट उतरताना एका वळणावर सूर्य समोर आला, काही सेकंद गेले आणि स्पीडोमीटर उजळला.

“विझली,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

नवी खिट्टी अजून बसवलेली नाही. टेप धरून आहे.